दारावरची पाटी

तापीकाठ: कॅन्सरवर कार-टी (स्वतःच्याच प्रतिकारक पेशी बदलून परत अंगात सोडतात तो उपचार) करून मुंबईहून परतलेल्या काकांना भेटायला चोपड्याहून अमळनेरला गेलो. दारावर पाटी, ‘आत येऊ नये’. खिडकीतून बोलून परत आलो. रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसत नाही म्हणतात, मग माणसं तोडायची कशाला? खान्देशात आजाऱ्याच्या दारातून कोणी परत जात नाही.

गिरणाकाठची: हे वाचून राहवलं नाही. आमच्या आप्पांचीही लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी, कार-टी झाली. त्या पेशी कॅन्सरच्या पेशीवरची सीडी१९ नावाची खूण बघून मारतात आणि ती खूण चांगल्या बी-पेशींवरही असते. कॅन्सर गेला, पण अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीही गेल्या. आप्पांचं आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचं माप) ४००च्या खाली, म्हणजे फारच कमी; दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बाहेरून अँटिबॉडी, आणि इन्फेक्शन होऊ नये म्हणून रोज सेप्ट्रान आणि असायक्लोव्हिर. सहाव्या महिन्यात एक पाहुणे ‘साधी सर्दी आहे’ म्हणत त्यांच्या खाटेवर बसले. चौथ्या रात्री दीड वाजता ताप १०१, दातावर दात वाजत होते. पाचोऱ्याहून जळगावला नेलं. न्यूमोनिया, अकरा दिवस ऑक्सिजन. घरी आल्यावर पाटी मीच रंगवली, खडूने नाही, ऑइलपेंटने.

भुसावळकर: ताई, आमच्या मामांची २०११ साली केमो झाली. घर माणसांनी भरलेलं असायचं, मामा आजही शेतात जातात. एकटेपणानेच माणूस आधी खचतो.

गिरणाकाठची: केमोनंतर पांढऱ्या पेशी बहुधा काही आठवड्यांत वर येतात. इथे बी-पेशी महिनोन्‌महिने येत नाहीत, कधी वर्षं जातात. मामांचं उदाहरण इथे लावू नका.

केळीबाग: पाहुण्यांचं सोडा. माझ्या आईला मायलोमासाठी (अस्थिमज्जेतला कॅन्सर) बायस्पेसिफिक, म्हणजे प्रतिकारक पेशींना कॅन्सरच्या पेशींशी भिडवणारं औषध, चालू आहे. घरी सोडताना कच्चं काहीच देऊ नका म्हणाले. कांदा नाही, कोशिंबीर नाही, केळंसुद्धा नाही. रावेरची बाई आणि केळं बंद! सात किलो वजन उतरलं तिचं.

वॉर्डातली नर्स: कच्चं सरसकट बंद केल्याने इन्फेक्शन कमी होतं, असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. हात धुऊन सोललेलं केळं द्या, पण आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. उघड्यावरचं आणि शिळं मात्र नको.

भुसावळकर: मग भरीत चालेल ना? वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, त्यात कसले जंतू?

वॉर्डातली नर्स: वांग्यात नसतील. त्यात घातलेली कच्ची कांद्याची पात कुठल्या पाण्यात धुतली ते विचारा.

केळीबाग: पात कढईत परतून घातली तर?

भुसावळकर: परतलेल्या पातीचं भरीत आमच्याकडे कोणी ताटात घेणार नाही.

गिरणाकाठची: इथे माणसं जिवाशी झुंजतायत आणि तुम्ही पातीवर भांडताय! तापीकाठ, तुम्ही उत्तर द्या.

वॉर्डातली नर्स: २०२३ मध्ये देशी कार-टीला मंजुरी मिळाली, पेशंट घरी येऊ लागले. पण ताप १००.४ झाला की सकाळची वाट न बघता निघायचं, हे घरच्यांना अजून घोकून घ्यावं लागतं. गेल्याच आठवड्यात एका मुलाने क्रोसिन देऊन रात्र काढली. सकाळी आणलं तेव्हा बीपी लागत नव्हतं.

तापीकाठ: पाटी मला अजूनही पटलेली नाही. माणूस लांबून येतो, आधी फोन करून सांगता आलं असतं. पण ताई, त्या दिवशी मला खोकला होता, ते लिहायचं राहिलं. काकांना रात्री फोन करतो.