घड्याळ एकच, मग दिब्रुगढ मेहनती अन् जळगाव सुस्त कसं?

ओळंबा:
शटरवाले भाऊंची कालची पोस्ट: "आसामात दिब्रुगढला पहाटे साडेचारला लोक कामाला, जळगावात नऊलाही शटर अर्धं. घड्याळ तेच, माणसांत फरक." अहो, घड्याळ तेच हाच तर घोळ आहे! प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. जळगाव साधारण ७५.५ वर, दिब्रुगढ ९५ च्या जवळ. अंशाला ४ मिनिटं धरा. सूर्य आपल्याकडे २८ मिनिटं मागे, तिकडे ५० मिनिटं पुढे. जूनमध्ये तिथे सव्वाचारला उजाडतं, इथे पावणेसहाला. त्यांचे साडेचार म्हणजे आपले सहा. अन् डिसेंबरात साडेचार वाजायच्या आत तिथला सूर्य बुडतो, ते का नाही लिहिलंत?

शटरवाला:
सूर्यामागे लपू नका. चहाच्या बागांनी घड्याळ तासभर पुढे करून स्वतःचा 'बागान टाईम' चालवला. खान्देशाला कुणी अडवलं?

ओळंबा:
आपण पश्चिमेला; आपल्याला घड्याळ मागे करावं लागेल, पुढे नाही! मुंबईनं तो हट्ट केलाच होता. १९०६ ला प्रमाणवेळ आली तरी ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ १९५५ पर्यंत धरून बसली. अन् उन्हाळ्यात आपल्या शाळा सकाळच्या होतात, ते काय असतं? काट्याला हात न लावता केलेला बागान टाईमच.

तापीकाठ:
सुस्त म्हणणाऱ्यानं रावेर-यावलला रात्री दोनला यावं. शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रपाळीत येते. उन्हाळ्यात केळीला झाडामागं २० लिटर, एकरी १७०० झाडं, म्हणजे ३४ हजार लिटर. झाडाला तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर असले तरी अडीच तास. तेव्हा तुमचं शटर पूर्ण खाली असतं.

वायंडिंग:
ऑटो स्विच लावा की. रात्री जायचं कशाला?

तापीकाठ:
काय म्हनस रे भो! ऑटो मोटर चालू करतो, फिल्टर धूत नाही. फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या गेजवर दाबात अर्ध्या किलोचा फरक दिसला की जाळी तुंबली समजा. मग शेवटच्या ओळी कोरड्या. त्यात एक फेज गेला अन् अशा वेळी मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बायपास असला तर उरलेल्या दोन फेजवर करंट चढतो, मोटर जळते. बायपास करणारे तुम्हीच.

वायंडिंग:
हौसेनं कुणी करत नाही! तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं नसतं, प्रिव्हेंटर दर पाच मिनिटांनी मोटर बंद पाडतो. आधी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, ढिले जोड घट्ट करायला सांगा, मग आम्हाला शिकवा. नाहीतर सोलर पंप घ्या, बारा वाजता फुल्ल पाणी.

ओळंबा:
बारा नाही! धागा पुन्हा तिथंच आला. जळगावची खरी मध्यान्ह सरासरी १२:२८ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१२, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४२. खोटं वाटतं तर काठी ओळंब्यात रोवा, बुंध्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळावर टेकून आत शिरतं ती वेळ लिहा, दुपारी बाहेर पडतं ती लिहा. दोन्हींचा मध्य काढा. सावली सर्वात आखूड कधी, हे डोळ्यांनी ठरवू नका. तेव्हा ती इतकी कमी हलते की दहा मिनिटं इकडे-तिकडे झालेली कळत नाहीत. म्हणून पॅनलचं पाणी साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे सारखं धरा. दिब्रुगढला हाच मध्य सव्वाअकराच्या आसपास.

शटरवाला:
बरं, सूर्याचं मान्य. मग देशात दोन प्रमाणवेळा करून टाका. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं २०१८ मध्ये सुचवलंच होतं.

ओळंबा:
त्यात सीमा अलीपुरद्वारजवळ आहे. तिथं चिंचोळी पट्टी, म्हणून रेल्वेची घड्याळं मोजक्याच ठिकाणी बदलावी लागतील. फायदा आसामला. जळगाव ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढच्या, म्हणजे आताच्याच वेळेत राहतं, तुमचं शटरही.

तापीकाठ:
अन् रात्रीची थ्री फेज?

शटरवाला:
'सुस्त' मागे घेतो. २८ मिनिटांपुरता.