मनाली-लेह मार्गावर कपडे आणि चहा

या प्रवासात कपडे धुवायला बादली न्या असं सुचवलं जातं, पण ती गाडीत अडगळच होते. त्यापेक्षा तोंड गुंडाळून बंद होणारी दहा लिटरची जलरोधक पिशवी घ्या. तीन लिटर पाणी, सपाट अर्धा चमचा धुण्याची पावडर, दोन टीशर्ट आणि मोजे आत घालून तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी डिकीत टाका. अर्ध्या तासाच्या खडबडीत रस्त्यात मळ सुटतो. पावडर जास्त झाली की खळबळायलाच दुप्पट पाणी जातं, हात आखडता ठेवा. पिळून झालं की कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहा. लडाखच्या कोरड्या हवेत सुती कपडेही उन्हात लवकर वाळतात, पण रात्री बाहेर राहिले तर लाकडासारखे कडक होतात.

चहाचं म्हणाल तर वाटेतलं मुक्कामाचं ठिकाण सरचू साधारण ४,२९० मीटरवर आहे, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे झाकण ठेवून नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त उकळा, पत्तीऐवजी बारीक दाणेदार पावडर वापरा. भाताला मात्र कुकरच हवा. स्टोव्हचा साधा ब्यूटेन गॅसचा डबा थंडीत मंदावतो, तो रात्री पांघरुणात घेऊन झोपा. (हसू येईल, पण सकाळी चहा मिळतो.)

घरची हजार वॉटची किटली गाडीच्या सॉकेटला इन्व्हर्टरवरून लावली तर फ्यूज उडणारच. १२ व्होल्टची १२० वॉटची चालते, पण अर्ध्या लिटरला अर्धा तास धरा. आणि स्टोव्ह गाडीत किंवा बंद तंबूत कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.