‘गोतावळा’ ग्रुप : हॉटेल की जंगल?

शुक्रवार

नीलमकाकू: समीर, तू टाकलेला प्लॅन आत्ता वाचला. ग्रँड कॅनियनला दोन रात्री "जंगलात, फुकट". हे कधी ठरलं? ह्यांचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत.

समीर: काकू, ठरलेलं नाही, म्हणून तर ग्रुपवर टाकलं. मेमोरियल डेचा वीकेंड आहे, मे अखेरची तिकडची मोठी सुट्टी. पार्कातलं मॅदर कॅम्पग्राउंड सहा महिने आधी बुकिंगला उघडतं, ते गेलं. बाहेरचं टेन-एक्स पण फुल. हॉटेलचे दर पाठवले होते, ते वाचले असशीलच.

नीलमकाकू: वाचले. मी पैशाचं काही बोललेच नाही.

सुषमाआत्या: वहिनी, पैशाचं कोणीच बोललं नाही 🙂

अप्पाकाका: बाथरूमचं काय?

मंदार: न्यू जर्सीहून शुभ सकाळ. कोण कोणाला वनवासात पाठवतंय?

शेखरमामा: राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि विस्तव करणं, दोन्ही गुन्हे. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६. वनखातं "या, फुकट राहा" म्हणतंय हे मला पटत नाही. नीट चौकशी करा.

ऋजुता: मामा, अमेरिकेत नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत. पार्कात ठरलेल्या जागेबाहेर झोपता येत नाही. फॉरेस्ट सर्व्हिस मात्र १९०५ पासून शेतकी खात्याखाली आहे, आणि त्यांच्या जंगलात बंदी केलेली नसेल तिथे तंबू टाकता येतो. डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात त्याला. कॅनियनच्या दक्षिण गेटाबाहेर टुसायान गाव, आणि गावाला लागून कायबॅब नॅशनल फॉरेस्ट. बुकिंग नाही, पावती नाही, कमाल १४ दिवस. पार्कात शिरायचे गाडीमागे ३५ डॉलर वेगळे, ते सात दिवस चालतात.

शेखरमामा: जंगल शेतकी खात्याकडे??

समीर: हो मामा. लाकूड हे पीक धरलंय.

मंदार: म्हणजे अप्पाकाका ऊस-कांद्याच्या खात्यात झोपणार.

अप्पाकाका: विनोद नंतर. बाथरूमचं काय?

नीलमकाकू: ऋजुता, तुलाही आधीपासून माहीत होतं तर. छान.

ऋजुता: आई, मी फोनवर सांगितलं होतं, तू भाजीवाल्याशी बोलत होतीस.

सुषमाआत्या: महाबळेश्वरच्या वेळी पण असंच झालं होतं. सगळ्यांना सगळं सांगितलेलं असतं 🙏

मंदार: महाबळेश्वर नको. प्लीज. त्या डिपॉझिटचा हिशोब अजून माझ्या एक्सेलमध्ये लाल आहे.

नीलमकाकू: त्यात आमची चूक नव्हती एवढंच सांगते.

समीर: मूळ विषय. टुसायानच्या थोडं दक्षिणेला हायवे ६४ वरून पूर्वेकडे ३०२ नंबरचा फॉरेस्ट रोड फुटतो. खडीचा आहे, कोरडा असला की साध्या गाडीला चालतो. कॅम्पिंगच्या ॲपवर लोकांनी टाकलेल्या जागांच्या १५-२० पिना दिसतायत, त्यातली एक पकडू.

ऋजुता: पिनांवर जाऊ नकोस. लोक तीन-चार वर्षांपूर्वीच्या जागा टाकून ठेवतात, मधल्या काळात ती जागा बंद झालेली असते आणि दंड आपल्याला. खरा कागद एकच, एमव्हीयूएम. मोटर व्हेइकल यूज मॅप. फॉरेस्ट सर्व्हिसचा, फुकट. काळा-पांढरा, डोंगर नाही, झाडं नाहीत, दिसायला अगदी भिकार, पण कायद्याने तोच चालतो. ज्या रस्त्याच्या कडेने ठिपके आहेत तिथेच गाडी रस्ता सोडून आत नेता येते. किती आत ते नकाशावरच लिहिलेलं असतं, बहुतेक ३०० फूट. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याच्या कडेलाच, आणि तंबू हातात घेऊन आत चालायचं. नकाशावर नसलेल्या चाकोऱ्या समोर दिसत असल्या तरी बंद. ॲव्हेंझा ॲपमध्ये तो नकाशा आधी उतरवून ठेव, आत रेंज नाही.

समीर: मी कोलोरॅडोत हेच करतो गं. माहीत आहे.

ऋजुता: मग पिना कशाला टाकल्यास?

समीर: 👍

केतकी: रस्त्याचा नंबर कुठे लिहिलेला असतो? अंधारात दिसतो का?

समीर: बुटक्या तपकिरी खांबावर. आकडे आडवे लिहिलेले असले तर साधारण साधी गाडी जाते. उभे, एकाखाली एक असले तर उंच गाडी हवी. अंधारात दोन्ही दिसत नाहीत, म्हणून चारच्या आत पोचायचं. आणि अंधारात हायवेवर एल्क आडवे येतात, म्हशीएवढी हरणं.

केतकी: आणि भाड्याची गाडी?

समीर: तिच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्य असतो. आत काही फुटलं तर विमा हात वर करतो. फिनिक्स एअरपोर्टवरून मी ऋजुताच्या घरापर्यंतच भाड्याने येईन, पुढे तिच्या दोन गाड्या. हवा भरायचा पंप आणि पूर्ण मापाचं स्पेअर चाक दोन्हीत हवं. बऱ्याच सेडानच्या डिकीत नुसता पंक्चर काढायचा स्प्रे असतो, त्याने टोकदार दगडाची चीर बुजत नाही.

अप्पाकाका: बाथरूमचं काय ठरलं?

सुषमाआत्या: दादा, सांगतील रे. मी स्वयंपाकाचं विचारते. कुकर आणू का? तिकडचे भांड्यात शिजवतात म्हणे.

ऋजुता: आत्या, आणच. तीन लिटरचा. जागा ६,६०० फुटांवर आहे, पाणी साधारण ९३ अंशालाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा कणीदारच राहतो. कुकरलाही बाहेरचा दाब कमी मिळतो, म्हणून नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. मूगडाळ भिजवून घेतली तर गॅस वाचेल.

सुषमाआत्या: रिंग नवीन टाकून आणते. गॅस कुठला?

समीर: दोन बर्नरची प्रोपेन शेगडी, एक पौंडाची हिरवी नळकांडी. दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर एक नळकांडं तासाभरात संपतं, एकाच बर्नरवर दोन तास. सात माणसं, दोन रात्री, चहाचं प्रमाण बघता सहा घेऊ. विमानातून चालत नाहीत, तिथेच घ्यायची. ब्यूटेनची चपटी शेगडी कोणी सुचवू नका. पहाटे शून्याजवळ गेलं की ब्यूटेनचा वायूच होत नाही, डबा भरलेला आणि ज्योत नाही.

मंदार: "चहाचं प्रमाण बघता" हे कोणाला उद्देशून आहे ते इतिहास सांगेल.

नीलमकाकू: मेमध्ये शून्य? फिनिक्सला ४० म्हणालात.

ऋजुता: आई, फिनिक्स खाली आहे. वर मे अखेरीस पहाटे ३-४ अंश धरायचे, कधी आणखी खाली. स्लीपिंग बॅगवर ३० फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे एक, छापलेलं असलं तरी तो बऱ्याचदा तगून राहण्याचा आकडा असतो, झोप लागण्याचा नाही. आपण २० च्या घेऊ. आणि थंडी खालून येते. नुसत्या हवेच्या गादीवर रात्रभर पाठ गार पडते. तुला आणि बाबांना फोल्डिंग खाट, तिच्यावर फोमची गादी. म्हणजे खाली बसून उठायचं नाही.

नीलमकाकू: खाट आहे हे आधी कोणी बोललं नाही.

सुषमाआत्या: मला जमिनीवर चालेल हो. आम्हाला सवय आहे.

नीलमकाकू: तुमचं कौतुक आहेच सुषमाताई.

मंदार: 🍿

शेखरमामा: 🌹 *निसर्ग हाच खरा गुरू* 🌹 शुभ रात्री

शनिवार

अप्पाकाका: कालचे सगळे मेसेज वाचले. बाथरूम सोडून सगळं आहे.

समीर: काका, आधी पाणी, मग तेच. माणशी रोज एक गॅलन, सात जण, तीन दिवस म्हणजे २१. भांडी आणि हात धुणं धरून ३०. सुमारे ११४ लिटर. तिथे नळ नाही, ओढाही नाही. सात गॅलनचा कॅन भरून २६ किलोचा होतो, तो कोणीही उचलायचा नाही. डिकीच्या कडेवर आडवा ठेवायचा, तोटी बाहेर. तळी दिसतील, त्यांना तिथे टँक म्हणतात, गुरांसाठी बांधलेली. त्यांच्यापासून पाव मैलात मुक्काम करायला ॲरिझोनाच्या कायद्याने मनाई आहे. जनावरं माणूस बघून पाण्यावर येत नाहीत.

शेखरमामा: पाणवठ्याचा नियम योग्य आहे. आपल्याकडेही पाणवठ्यावर बसू देत नाहीत.

मंदार: मामांनी मंजुरी दिली. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नीलमकाकू: शनिवारी माझा मारुतीचा दिवा असतो. निरांजन लावता येईल ना?

ऋजुता: आई, मे-जून म्हणजे तिथला वणव्याचा हंगाम. पाऊस जुलैत येतो. तोवर फॉरेस्ट सर्व्हिस बहुतेक निर्बंध लावते. पहिल्या टप्प्यातच अशा जागांवर शेकोटी बंद, कोळसाही बंद. बंद करायचा व्हॉल्व्ह असलेली गॅसची शेगडी चालते, तीही आजूबाजूचा तीन फुटांचा पाला झाडून.

समीर: निरांजनाला व्हॉल्व्ह नसतो, काकू.

नीलमकाकू: विनोद झाला का? दिवा म्हणजे काय शेकोटी आहे?

शेखरमामा: नीलम, ऐक. तिथली पाँडेरोसाची झाडं म्हणजे पाइनच. खाली सुयांचा थर आणि वारा. एक वात पुरते. तिथे आग ज्याच्यामुळे लागली त्याच्याकडून विझवण्याचा खर्च वसूल करतात म्हणे.

ऋजुता: म्हणे नाही मामा, करतात. आई, सेलवरचा दिवा लावू, मारुतीला चालेल. आपण निघायच्या आदल्या दिवशी निर्बंध कायबॅबच्या साइटवर बघायचे, आठवडाभर आधीचं बघितलेलं धरायचं नाही. जागाच बंद केलेली निघू शकते. तसं झालं तर मात्र हॉटेल.

नीलमकाकू: म्हणजे हॉटेल बुक करावंच लागणार. मी हेच म्हणत होते.

सुषमाआत्या: हा मेसेज डिलीट केला गेला

मंदार: आत्या, मी वाचला 😶

समीर: रद्द करता येईल असं एक रूम टुसायानला ठेवतो. काका-काकूंसाठी. त्याचे पैसे मी देतो, विषय संपला.

नीलमकाकू: पैशाचं मी म्हटलं नव्हतं. पण ठेव.

केतकी: मी एक विचारू? अस्वलं?

ऋजुता: कॅनियनच्या त्या बाजूला क्वचित. खरा उपद्रव डोमकावळे, खारी आणि कोयोटींचा. खाणं, टूथपेस्ट, कचरा सगळं रात्री बंद गाडीत, तंबूत बिस्किटाचा पुडाही नाही. डोमकावळे झिप उघडतात. भांड्यांचं पाणी चाळणीतून गाळायचं, शितं कचऱ्यात, पाणी तंबूपासून लांब पसरून टाकायचं. फोडणी तंबूच्या दाराशी करायची नाही, वास कापडाला दोन दिवस राहतो.

मंदार: कोयोट म्हणतील, आज आत्यांची आमटी.

समीर: जागा निवडताना: आधी कोणी राहून गेलेली, जमीन उघडी पडलेली, दगडांचं कडं असलेली जागाच घ्यायची, नवीन साफ करायची नाही. वर बघायचं. वाळून उभं राहिलेलं झाड, अडकलेली फांदी असेल तर खाली तंबू नाही. कोरड्या ओहोळात नाही, कितीही सपाट वाटला तरी. तिथे दुपारी वारा उठतो. तंबूसोबत येणाऱ्या बारीक पिना मुरमाड जमिनीत वाकतात, दहा इंची लोखंडी खिळे आणि एक किलोचा हातोडा घेतो.

ऋजुता: शुक्रवारी पहाटेच निघू. शुक्रवारी दुपारनंतर ३०२ वर चांगल्या जागा राहत नाहीत. केतकी, जागा मिळाली की मी टुसायानला रेंजमध्ये येऊन तुला लोकेशन पाठवेन. रविवारी रात्री नऊपर्यंत माझा मेसेज आला नाही तर फोन कर. सीमेची नोंद घ्या: पूर्वेला नवाहो या तिथल्या आदिवासींची जमीन लागते, ती फॉरेस्ट नाही, तिथे त्यांची परवानगी लागते. घड्याळही एक तास पुढे असतं, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, नवाहो बदलतात. फोन मधेच वेळ बदलेल, घाबरू नका.

मंदार: आपल्या मंडळाला पण नेऊ या. दोनशे माणसं.

समीर: ७५ किंवा जास्त झाले की परमिट लागतं. मंडळाच्या कमिटीला ते भरायला सांगायचं धाडस तू कर.

अप्पाकाका: बाथरूम.

अप्पाकाका: तिसऱ्यांदा विचारतोय.

मंदार: पाचव्यांदा, काका.

ऋजुता: बाबा, सांगते. दोन पद्धती. एक, खुरपं घेऊन तंबूपासून, वाटेपासून, पाण्यापासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं. सहा ते आठ इंच खोल खड्डा, वर तीच माती. कागद पुरायचा नाही, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि जाळायचा तर मुळीच नाही. पिशवीत घालून परत. ही आमच्यासाठी.

दोन, तुमच्यासाठी. पाच गॅलनची बादली, वर दाबून बसणारी कमोडची सीट. आत वॅग बॅग, म्हणजे पावडर घातलेली पिशवी, ओलं जेलसारखं घट्ट होतं, वास दबतो. एका पिशवीत तीन-चार वेळा. मग बाहेरच्या जाड पिशवीत गाठ मारून घरी नेऊन नेहमीच्या कचऱ्यात टाकता येते. बादली १५ इंच उंच, आपल्या कमोडएवढीच. भोवती उभा तंबू येतो, त्याला चारही कोपऱ्यांत खिळे आणि दोऱ्या, नाहीतर वाऱ्याने उडतो आणि माणूस आत राहतो.

मंदार: आणि अप्पाकाका ग्रँड कॅनियनचं खरं दर्शन घेतात.

सुषमाआत्या: मंदार!!

समीर: धरायला हात असलेली फोल्डिंग कमोड खुर्ची पण मिळते. भांडं काढून तीच पिशवी लावायची. गुडघ्याला ती बरी. बादलीवर जड माणूस बाजूला कलला तर बादली सरकते.

नीलमकाकू: आंघोळ?

समीर: पार्कात मॅदरजवळ पैसे टाकून शॉवर आहेत, कॅम्पर सर्व्हिसेसमध्ये. कपडे धुवायची मशीनही. शनिवारी कॅनियन बघताना उरकता येईल.

नीलमकाकू: मग मी एक रात्र बघते. दुसऱ्या रात्री रूम. हे हो म्हणतील असं वाटत नाही.

सुषमाआत्या: वहिनी, तुम्ही आलात तर दादा येईल. मी मेतकूट आणते. तुम्ही तूप आणा, तुमच्या हातचं.

नीलमकाकू: आणीन. विमानात घट्ट बांधून आणावं लागेल.

शेखरमामा: तो एमव्हीयूएम नकाशा इथे टाका. बघायचा आहे.

ऋजुता: 📎 पीडीएफ, मामा. मोठी करून बघा, ठिपके बारीक आहेत.

समीर: काका, तुमचं काय? खुर्ची मागवू की बादली?

अप्पाकाका: दोन्ही मागवा. आणि बादलीचं झाकण घट्ट बसतं का, ते घरी पाणी भरून आडवी करून बघून घ्या. गाडीत आपणही बसणार आहोत.