मदत हवी आहे : दिराने विश्वास सोडलाय, त्याचं तारण (पापातून मुक्ती) गेलं असं समजायचं का?

नमस्कार. आम्ही बेळगावचे, मराठी मेथडिस्ट. माझं माहेर मिरजेचं, तिथलं मिशन प्रेस्बिटेरियन. म्हणजे घरात दोन प्रोटेस्टंट पंथांच्या शिकवणी, पण त्यावरून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अडलंय.

धाकटा दीर दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली) झालेला, यूथ फेलोशिपमध्ये गिटार वाजवणारा, संडे स्कूलला पोरं सांभाळणारा. नोकरीला पुण्याला गेला. यंदा 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला आला, पण प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे उठले तेव्हा बाकावरच बसून राहिला. सासूबाई पुढे कठड्यापाशी गुडघे टेकून, शेजारी त्याच्यापुरती जागा धरून. घरी आल्यावर त्याने सरळ सांगितलं, "आई, माझा विश्वास राहिला नाही. मग खोटं खोटं कशाला घेऊ?" भांडण नाही, टिंगल नाही. जेवला, झोपला, सकाळच्या गाडीने गेला.

तेव्हापासून सासूबाई इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय घेऊन बसल्यात. वचन 4 ते 6 : ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे वाटेकरी झाले आणि मग पडले, त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य. त्या 'अशक्य'वर बोट ठेवून मला विचारतात, "मग मी रोज त्याच्यासाठी काय मागत बसू गं?"

माहेरी बाबांना फोन केला तर ते योहान 10:28 वर. ख्रिस्ताच्या हातातून मेंढरू कोणी हिसकून घेत नाही, तेव्हा पोरगा एक तर परत येईल, नाहीतर तो कधी ख्रिस्ताचा नव्हताच. हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नाही. ज्याला मांडीवर घेऊन प्रार्थना शिकवली, तो 'कधी नव्हताच'? पाळकांना विचारलं, ते म्हणाले आपल्या शिकवणीप्रमाणे तारण गमावता येतं, आणि पुढच्या घरी भेटीला गेले.

इब्री 6 असंच वाचायचं का? आणि दोन्हीकडच्या शिकवणीला धरून सासूबाईंना काही सांगता येईल का? 'सगळे धर्म सारखेच' असले प्रतिसाद कृपया नकोत.

---

निपाणीकर :
ताई, यावर चारशे वर्षं भांडण चाललंय. 1610 मध्ये हॉलंडात आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली. खरा विश्वासणारा कायमचा पडू शकतो का, हे शास्त्रातून अजून तपासायला हवं, असं पाचव्या कलमात त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे 1618-19 च्या डॉर्टच्या चर्चसभेने निकाल दिला की देव आपल्यांना शेवटपर्यंत राखतो. तुमच्या बाबांचं वळण ते. तुमच्या मेथडिस्टांचा संस्थापक वेस्ली दुसऱ्या बाजूचा.

पण बाबांच्याच बाजूचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा (प्रेस्बिटेरियनांचं शिकवणीचं पुस्तक) उघडा, अध्याय 17. राखलेले लोकही गंभीर पापात पडतात, काही काळ त्यातच राहतात, असं तिथं स्पष्ट आहे. तेव्हा आज विश्वास नाही यावरून 'कधी नव्हताच' हा निकाल त्यांच्या शिकवणीनेही आज देता येत नाही. बाबा 1 योहान 2:19 दाखवतील : ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हतेच. तिथं विषय ख्रिस्ताला नाकारून इतरांना फसवणाऱ्यांचा आहे. बाकावर गप बसलेल्या पोराला ते लावायची घाई कशाला?

जुना संडेस्कूलवाला :
पाळकांनी अर्धंच सांगितलं. मेथडिस्टांच्या 25 कलमांतलं बारावं बघा. कृपा मिळाल्यावरही माणूस पापात पडू शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो, दोन्ही एकाच दमात सांगितलंय. पडण्याची भीती घालायची आणि उठण्याचं गाळायचं, ही काही वेस्लीची शिकवण नव्हे.

इब्री 6 चं म्हणाल तर तिथं देवाच्या पुत्राला पुन्हा वधस्तंभावर खिळून त्याची उघड बेअब्रू करणाऱ्यांबद्दल लिहिलंय. दिराने तसलं काय केलं? उलट 1 करिंथ 11 मध्ये पौल अयोग्य रीतीने भाकर खाऊ नका म्हणून बजावतो, आणि तो बसून राहिला. ज्याला प्रभुभोजनाचं काहीच वाटत नाही, तो आईचं मन राखायला भाकर तोंडात टाकून मोकळा होतो. आणि सासूबाईंना सहाव्या वचनावर थांबू देऊ नका. नवव्यात लेखक 'प्रियजनहो' म्हणून, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे असं लिहितो. पत्र घाबरलेल्यांना घालवायला नाही, डगमगणाऱ्यांना धरून ठेवायला लिहिलंय.

खानापूरची :
मी कॅथलिक, त्यामुळे बाजूने बोलते. आमच्याकडे 1547 पासून ट्रेंटच्या सभेचं पक्कं आहे : गंभीर पापाने कृपा जाते, पापनिवेदनाने परत मिळते. आईसाठी सांगायचं तर संत मोनिका. मुलगा ऑगस्टिनसाठी तिने वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, 387 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. अर्थात त्याने बाप्तिस्मा घेऊन मग सोडला होता असं नव्हे, तेव्हा तुमच्या दिराशी ते अगदी जुळत नाही. पण आई ती आईच.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. काल सासूबाईंना नववं वचन वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एवढं पुढं कुणी नेलंच नाही की गं मला." मग यहूदाच्या पत्रातलं 22 वं काढलं, संशयात असलेल्यांवर दया करा, ते. त्यांनी त्यावर पेन्सिलने खूण केली. बाबांना वेस्टमिन्स्टरचं सांगितलंय, ते चष्मा शोधायलेत.

आता एकच. दीर ईस्टरला येतोय. प्रभुभोजनाचं आधी विचारून ठेवायचं का?

निपाणीकर :
विचारू नका. तो स्वतः विषय काढेल तेव्हा ऐकून घ्या. आणि त्या दिवशी बाबांचा फोन आला तर तुम्हीच उचला, दिराच्या हातात देऊ नका.