नॅशनल गार्ड असताना राज्याला वेगळा स्टेट गार्ड कशासाठी?

सह्यकडा (ह्यूस्टन):
अमेरिकेत नॅशनल गार्ड, म्हणजे केंद्रालाही बोलावून घेता येणारे राज्यांचे राखीव सैनिकी दल, सर्वांना ठाऊक असतो; परंतु टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा काही राज्यांकडे त्याहून वेगळे, केवळ गव्हर्नरांच्या (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखांच्या) हुकमतीखालील स्वयंसेवी दलही, म्हणजे स्टेट गार्ड, असते, हे इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. संघराज्याच्या कायद्यानेच त्याला मुभा दिली आहे, आणि नॅशनल गार्डप्रमाणे हे दल राष्ट्रीय सैन्यात ओढून घेता येत नाही. त्याची खरी गरज इथेच आहे. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानावर आदळले, तेव्हा त्या राज्याच्या नॅशनल गार्डची २५६ वी ब्रिगेड इराकमध्ये होती.

२०१७ च्या हार्वे वादळात मी एका निवारा केंद्रात मदतीला होतो. ओल्या कपड्यांनिशी आलेल्या एका आजोबांच्या मनगटावर टेक्सास स्टेट गार्डचा पन्नाशीतला स्वयंसेवक ओळखपट्टी बांधत होता, आणि आजोबांची पत्नी दुसऱ्या बसमधून आली आहे का, हे यादीत शोधत होता. त्याच्याकडे बंदूक नव्हती, तिची गरजही नव्हती.

नदीकाठ:
ते काम मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी लष्करी गणवेश आणि हुद्दे कशाला हवेत? अग्निशमन दलाच्या हाताखाली प्रशिक्षित नागरिक तेच करू शकतात. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीशिवाय कोणत्याही राज्याने शांततेच्या काळात सैन्य बाळगू नये, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. संमतीचा कायदा आहे हे मान्य, परंतु मूळ तरतुदीमागची भीती त्यामुळे खोटी ठरत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय सैन्याच्या ‘जेड हेल्म’ सरावाआडून केंद्र टेक्सास ताब्यात घेणार अशा अफवा उठल्या, तेव्हा टेक्सासच्या गव्हर्नरांनी याच स्टेट गार्डला त्या सरावावर लक्ष ठेवायला सांगितले. फ्लोरिडाचे १९४७ मध्ये विसर्जित झालेले दल २०२२ मध्ये पुन्हा उभे राहिले, ते वादळांतील मदतीच्या नावाने; वर्षभरातच त्याची मंजूर संख्या ४०० वरून १,५०० वर गेली आणि प्रशिक्षण फारच लष्करी झाल्याची तक्रार करत काही स्वयंसेवक बाहेर पडले. मदतीसाठी पुढे आलेल्या माणसाने ते का सोसावे?

सह्यकडा:
फ्लोरिडाचा आक्षेप मला मान्य आहे, आणि जेड हेल्मच्या वेळचा आदेश मलाही लाजिरवाणा वाटला होता. तरीही आदेश देणाऱ्याची चूक दलाच्या माथी मारू नये. नॅशनल गार्डला परदेशी प्रशिक्षणाला पाठवण्यास मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी हरकत घेतली, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नॅशनल गार्डवरचा शेवटचा शब्द राज्याचा नाही, हे कायद्याने ठरलेले आहे. मग पूर आल्यावर राज्याने कोणाच्या भरवशावर राहायचे?

खाकी:
माझे वडील मुंबईत होमगार्ड होते. ते दल १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात सुरू झाले, त्याचे ब्रीद ‘निष्काम सेवा’. रात्री बंदोबस्त आटोपून आले की ते पट्ट्याचे बक्कल घासून लख्ख करत आणि सकाळी आपल्या नोकरीवर जात. त्यामुळे गणवेशाविषयी नदीकाठ यांच्याशी मी सहमत नाही. गर्दीत घाबरलेले माणूस आधी गणवेश शोधते. मात्र होमगार्ड पोलिसांच्या मदतीला असतो, मुख्यमंत्र्यांचे सैन्य म्हणून नव्हे, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

नदीकाठ:
खाकी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. गणवेशाचा हट्ट मी सोडतो. पण शस्त्र आणि अटकेचा अधिकार या दलांना देऊ नये, आणि त्यांना कोणत्या प्रसंगी बोलवायचे, हे गव्हर्नरांच्या मर्जीवर न सोडता विधिमंडळाने कायद्यात लिहावे.

सह्यकडा:
शस्त्रांबाबत माझीही हरकत नाही. प्रसंगांची यादी मात्र नको. हार्वेच्या वेळी पाणी तासातासाला चढत होते, आणि अशा वेळी विधिमंडळाची वाट पाहता येत नाही.