ग्रामसभेत एकट्यानेच विषय काढला तर काही होतं का?

वाडीकर:
आमच्या वाडीचा सिमेंट रस्ता होऊन फार दिवस झाले नाहीत, तोच कडा तुटायला लागल्यात आणि खडी वर आलीय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारायचं ठरवलंय, पण सोबत बोलायला कुणी तयार नाही. एकट्याच्या बोलण्याची नोंद तरी होते का? तयारी काय करून जावं?

तांबडीमाती:
नोंद होते, पण ती करून घ्यावी लागते. नुसतं उठून बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. म्हणून सभेच्या आठ-दहा दिवस आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे साधा अर्ज द्या: 'अमुक रस्त्याचा विषय ग्रामसभेपुढे घ्यावा.' दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊन पोच जपून ठेवा. अर्ज दिला नसेल तर विषय 'आयत्या वेळी' म्हणून शेवटी ढकलला जातो आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

सभेत 'भ्रष्टाचार झाला' हे वाक्य टाळा. ते उच्चारलं की चर्चा रस्त्यावरून माणसांवर जाते, भावकी-पार्टी सुरू होते आणि विषय मरतो. त्याऐवजी ज्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल असं विचारा. अंदाजपत्रकात लांबी, रुंदी, जाडी किती? मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) किती नोंदली? बिल किती निघालं? दोषदायित्व कालावधी कधी संपतो?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत किती ते करारनाम्यात किंवा कार्यारंभ आदेशात लिहिलेलं असतं. ठराव तेवढ्यापुरताच मागा: 'दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी, तोपर्यंत सुरक्षा अनामत (ठेकेदाराची जमा ठेवलेली रक्कम) परत करू नये.' चौकशीच्या मागणीला हात वर करायला लोक कचरतात, दुरुस्तीला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. सूचक तुम्ही व्हाल, अनुमोदक मात्र आदल्या दिवशीच बघून ठेवा. त्याने भाषण करायची गरज नाही, नाव दिलं की पुरे.

खडीमुरूम:
जाण्याआधी रस्ता मोजा. समजा अंदाजपत्रकात 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंमी जाड आहे, म्हणजे काँक्रीट 45 घनमीटर. प्रत्यक्षात जाडी 10 सेंमीच भरली तर 30 घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा माल कमी. टेपने दर 10 मीटरवर दोन्ही कडांची जाडी मोजून तारखेसह वहीत लिहा, टेप दिसेल असे फोटो काढा. मात्र कडेच्या मापावरून मधली जाडी छातीठोकपणे सांगू नका. मधली जाडी कोअर (यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना) काढल्याशिवाय कळत नाही, ती मागणी अभियंत्याकडे लेखी करा.

कडा तुटण्याचं कारण दर वेळी माल चोरणं हेच नसतं. साइडपट्टीत मुरूम भरून दाबला नसेल तर कड उघडी राहते आणि ट्रॅक्टरच्या चाकाने फुटते. खडी वर येण्यामागे पाणी जास्त घालून केलेला पातळ माल किंवा नंतर पुरेसं पाणी न मारणं, ही कारणं जास्त दिसतात. साइडपट्टीचं काम अंदाजपत्रकात होतं का, हेही विचारा. बहुतेक वेळा असतं आणि राहून जातं.

वाडीकर:
अंदाजपत्रक मागितलं आणि दिलंच नाही तर? आणि कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरला नाही तर सगळं वाया जाईल ना?

पाणवठा:
माहिती अधिकारात जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकांना फी नाही, कार्डाची प्रत जोडा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. 'रस्ता निकृष्ट का झाला' असं विचारू नका, कारण माहिती म्हणजे दफ्तरी असलेला कागद. म्हणून कागदांचीच नावं लिहा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयक. मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील. 15 ऑगस्टच्या आधी कागद हाती हवेत तर अर्ज जुलैच्या सुरुवातीलाच गेला पाहिजे.

कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत नाही. तिची तारीख त्याच वेळी विचारून घ्या आणि नक्की जा. तिथे मोजकीच माणसं असतात, त्यामुळे तुमचा ठराव नीट ऐकला जातो.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा असते. त्या रस्त्यावरून पाणी आणणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या बायकांपैकी एकीने तिथे हाच विषय मांडला तर मोठ्या सभेत तुम्ही एकटे राहत नाही.

तांबडीमाती:
एक राहिलं. हजेरीची सही सभेत गेल्यावरच करा, घरी आलेल्या वहीवर नको. आणि उठण्यापूर्वी ठरावाचा मजकूर मोठ्याने वाचायला सांगा. नंतर आठवड्याभरात ठरावाची प्रत लेखी मागा, पोच घेऊन.