शब्दचर्चा: साथीला धोरणाने ‘प्रतिसाद’ दिला?

अमळनेरची सून
एका कॉलेजच्या व्याख्यानमालेसाठी इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय. विषय: करोनाच्या वेळी देशोदेशींच्या विज्ञान आणि इनोव्हेशन धोरणांचा रिस्पॉन्स. मी सरळ लिहून टाकलं, ‘महामारीला राष्ट्रीय धोरणांचा प्रतिसाद’. सासरे चहा पिता पिता वाचत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे महामारीचा खेळ हाऊसफुल्ल गेला म्हणायचा!” तेव्हापासून तो शब्द डोळ्यात खुपतोय. रक्तदान शिबिराला प्रतिसाद मिळतो, नाटकाला मिळतो, पेशंट औषधाला देतो. साथीला काय देतात? ‘प्रत्युत्तर’मध्ये बंदूक दिसते. आणि इनोव्हेशनचं काय करू? आयोजक ‘नाविन्यता’ म्हणतात. शुक्रवारी द्यायचंय.

धुळेकर मास्तर
ताई, हात जोडतो, ‘नाविन्यता’ नको. नवीनचं भाववाचक नाम नावीन्य, वी दीर्घ. त्याला परत ‘ता’ लावायचा म्हणजे टोपीवर टोपी. ऐक्यता, सौंदर्यता याच पंगतीतले. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या गावात राहून हे वाचायची वेळ यावी!

टपालपेटी
मास्तर, राज्य सरकारच्या खात्याचंच नाव ‘कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग’ आहे. आता बोला.

धुळेकर मास्तर
लग्नाच्या मांडवावर ‘शुभ आर्शीवाद’ही असतं. म्हणून तो बरोबर होतो का?

पीसीआरवाली
मी पुण्यात एका लॅबमध्ये आहे, माहेर चोपडा. नावाचा इतिहास थोडा बघा. आपलं पहिलं धोरण १९५८ चं, त्यात फक्त विज्ञान. १९८३ चं तंत्रज्ञानाचं. २००३ मध्ये दोन्ही जोडली. इनोव्हेशन शीर्षकात आलं ते थेट २०१३ ला. पाचव्या धोरणाचा मसुदा तर ऐन साथीत, २०२० संपता संपता आला. शब्द पंचावन्न वर्षांनी आत आला, मराठीत अजून दाराबाहेर चपला काढतोय. हिंदीवाल्यांचं ‘नवाचार’ झालं, त्याआधी ‘नवप्रवर्तन’ होतंच, गांधीनगरच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाच्या नावात तेच आहे. आपल्याकडे नवोन्मेष, नवकल्पना, नवोपक्रम. मला नवोन्मेष आवडतो, पण तो काव्यशास्त्रातला, प्रतिभेच्या व्याख्येतला. स्वॅबच्या काडीला कसा लावू?

कांदेबाग
आमच्याकडे नव्या लागवडीच्या केळीला नवती म्हणतात. इनोव्हेशनला नवती म्हणा, विषय संपला. नवती गेली की पिलबाग, म्हणजे जुन्याच बुंध्याचं पिलू. निम्मं इनोव्हेशन पिलबागच असतं असं माझं मत.

फिटर नंदुरबार
कांदेबागभाऊंचं पटलं. आमच्या जिल्ह्याचं सांगतो. पहिल्या लाटेनंतरच, २०२० मध्ये, त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये सगळीकडे सिलिंडरसाठी रांगा लागल्या तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर झालं. मी तसले प्लांट दुसरीकडे जोडलेत. आत काय असतं? दोन उभ्या टाक्या आणि त्यांत झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे दाणे, हातावर घेतले तर बाजरीसारखे. कॉम्प्रेसर हवा दाबून आत सोडतो, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. साधारण त्र्याण्णव टक्के शुद्ध. एक टाकी भरते तोवर दुसरी नायट्रोजन बाहेर फेकते, फुस्स करून. रात्रभर तो फुस्स ऐकू येतो, पहिल्या रात्री झोप लागत नाही, नंतर बंद पडला तर जाग येते. आता हे तंत्र कित्येक दशकं जुनं. नवीन काय होतं? वेळेवर बसवणं. त्याला कोणता शब्द?

टपालपेटी
जुगाड!

फिटर नंदुरबार
नाही ना भाऊ. जुगाड म्हणजे तार बांधून चालवणं. हे टेंडर काढून, फाउंडेशन भरून केलेलं काम. आयआयटी मुंबईवाल्यांनी त्याच एप्रिलमध्ये नायट्रोजनच्या प्लांटमधून ऑक्सिजन काढून दाखवला, त्याला एक वेळ जुगाडाचा मोठा भाऊ म्हणा.

अमळनेरची सून
छान चाललंय, पण माझा ‘प्रतिसाद’?

धुळेकर मास्तर
तुमच्या शीर्षकातला ‘महामारी’ही खटकतोच. २०२० आधी मराठीत कोण म्हणत होतं? साथ म्हणत होतो. हा हिंदी चॅनेलांचा प्रसाद.

पाराजवळ
गुरुजी, दुर्गासप्तशतीत महामारी हे देवीचंच रूप आहे. चॅनेल नंतर आले. आणि आमची आजी अहिराणीत म्हणायची, “गावमा मरी उनी.” म्हणजे गावात मरी आली. मरी, मरीमाय. प्लेगला गाठीचा ताप, कॉलऱ्याला पटकी. सरकारी ‘साथरोग’ तिला कळला नसता. २०२१ ला घरी लस द्यायला नर्सबाई आल्या तर शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “देवी काढणारी उनी.” देवी जगातून गेल्याला चाळीस वर्षं होऊन गेलेली, शब्द ओसरीवरच बसलेला.

पीसीआरवाली
‘लस’ तरी काय? मुळात फोडातून पाझरणारा चिकट द्रव. देवीच्या वेळी तोच टोचायचे. आता एमआरएनएच्या बाटलीत कसला आलाय द्रव फोडाचा, तरी लसच म्हणतो ना? वापर जिंकतो, मास्तर.

धुळेकर मास्तर
लसचा अर्थ वाढला, व्याकरण मोडलं नाही. फरक आहे.

टपालपेटी
साथ म्हणजे सार्थ, व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्याबरोबर रोग चालत यायचा, म्हणून साथ. माझी व्युत्पत्ती, कोश विचारू नका.

धुळेकर मास्तर
विचारतोच. सार्थवरून साथ येतो ते ठीक, पण रोगाचा तांडा तुमचा. तबल्याची साथही मग उंटावरून आली का?

पाराजवळ
‘रिस्पॉन्स’ला जुना शब्द आहे की: बंदोबस्त. प्लेगचा बंदोबस्त. १८९७ साली मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिननी प्लेगची लस केली, आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला, आणि तोच आपण २०२० ला पेटीतून काढला. लस आणि कायदा, दोन्ही एकाच वर्षाचे. ‘महामारीचा राष्ट्रीय बंदोबस्त’ लिहा.

धुळेकर मास्तर
फारसी.

पाराजवळ
‘फारसी’ हा शब्दही फारसीच. जळगावपासून धुळ्यापर्यंत ‘बाजार’, ‘दुकान’, ‘हवा’ काढा, मग बोलू.

पीसीआरवाली
बंदोबस्त म्हटलं की चौकातला पोलीस दिसतो. विज्ञानधोरणात पैसा आणि परवानग्या येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मिशन कोविड सुरक्षा’ला ९०० कोटी मंजूर झाले, देशी लसींच्या संशोधनासाठी. त्याला बंदोबस्त कसं म्हणू? आणि परवानगीच्या भाषांतरात खरा घोटाळा झाला, त्यावर कुणी बोलत नाही. ३ जानेवारी २०२१ ला औषध नियंत्रकांनी दोन लसींना परवानगी दिली ती आपत्कालीन स्थितीत ‘मर्यादित’ वापराची. कोव्हॅक्सिनपुढे तर ‘क्लिनिकल ट्रायल मोडमध्ये’ असंही जोडलं होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर काय फिरलं? ‘दोन लसींना मंजुरी’. मर्यादित गळाला, चाचणी गळाली. माझे काका मला विचारतात, “चाचणी संपली ना गं?” काय सांगणार? ‘ट्रायल मोड’चं मराठी तेव्हा सुचलं नाही, आजही नाही. नाविन्यतेवर भांडण्यापेक्षा ह्याला शब्द द्या कुणीतरी.

कांदेबाग
ट्रायल मोड म्हणजे आमचा हरण्या, केळीवरचा रोग. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे कोवळ्या केळीवर तो आला, पानांवर पिवळे पट्टे. कृषीवाले म्हणाले कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा पसरवतो, औषध नाही, झाड उपटून गाडा. मी तीन दिवस उपटत होतो. घरात माणसांचा लॉकडाऊन, बागेत झाडांचा. बाकीचं झाड निरोगी आहे की आत बसलाय तो, कुणी सांगेना. उभं ठेवून बघायचं, हाच ट्रायल मोड. बरं, हरण्या का म्हणतात? हरणासारखे पट्टे-ठिपके म्हणून, असं बाबा सांगायचे.

टपालपेटी
हरण होतं म्हणून! बाग हरण करतो.

फिटर नंदुरबार
हरणाला ठिपके कुठं, ते चितळाला.

पाराजवळ
आणि रावेर-यावलकडची बोली लेवा, अहिराणी नव्हे. एका धाग्यात दोन्हींची खिचडी नको.

कांदेबाग
खिचडी तर आमचं रात्रीचं जेवण. मी कुठं अहिराणी म्हटलं? केळी म्हटलं.

अमळनेरची सून
शुक्रवार होऊन गेला. ‘प्रतिसाद’ काढून ‘महामारीच्या काळातली राष्ट्रीय विज्ञानधोरणं’ केलं. रिस्पॉन्स गाळलाच, सासऱ्यांनी मान हलवली, ती होकाराची होती की नाही कळलं नाही. इनोव्हेशनच्या जागी ‘नवकल्पना’ लिहून पाठवलं होतं. पत्रिका छापून आली तर त्यांनी परस्पर ‘नाविन्यता’ केलंय.

धुळेकर मास्तर
वी ऱ्हस्व की दीर्घ?